घाबरलेल्या माणसाला भूल चढत नाही का?

प्रश्न असा आहे: आईचं वय ५४, वजन ५८ किलो, बीपीची गोळी चालू. पित्ताशयात खडे आहेत आणि पुढच्या आठवड्यात जळगावला दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं आहे. गेल्या तीन रात्री ती झोपलेली नाही. "माले भ्याव वाटस, मी उठसू का नही" (मला भीती वाटते, मी उठेन की नाही), एवढंच अहिराणीत घोकत असते. मामा म्हणतात, घाबरट माणसाला भूल चढत नाही, डबल डोस द्यावा लागतो आणि मग माणूस लवकर उठत नाही. हे खरं का? आणि आदल्या रात्री घरीच तिला झोपेची गोळी दिली तर चालेल का?

दोन गोष्टी आधी सांगून टाकतो. घाबरलेल्या माणसालाही भूल चढते. झोप लागेपर्यंतचं औषध थोडं जास्त लागू शकतं, डबल नाही. आणि घरून झोपेची गोळी देऊ नका. का, ते पुढे येईलच.

मामांचं म्हणणं पार हवेतलं नाही, म्हणून ते नीट समजून घ्या. भूल सुरू करताना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल देतात, दुधासारखं पांढरं औषध. हाताच्या शिरेतून ते हृदयात, फुप्फुसातून परत हृदयात आणि तिथून मेंदूत जातं. याला साधारण अर्धा मिनिट लागतो. शांत पडलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त फिरवतं. घाबरलेल्याच्या अंगात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं, नाडी ७५ ऐवजी ११० वर गेलेली असते आणि तेवढ्याच वेळात बरंच जास्त रक्त फिरतं. चमचाभर साखर पेल्यात घातली तर पाणी गोड लागतं, तांब्यात घातली तर पांचट. औषधाचं तसंच होतं: मेंदूपाशी पोचतं ते पातळ होऊन, आणि पोचल्यावर लवकर स्नायूंकडे वाहूनही जातं. त्यात मेंदूतली जागं ठेवणारी केंद्रं भीतीने आधीच चेतलेली असतात, त्यांना शांत करायला थोडं जास्त औषध लागतं. वायूने भूल देताना असंच घडतं, फक्त वाट वेगळी. फुप्फुसातून रक्त जोरात वाहत असलं की वायू रक्तात ओढला जातो, फुप्फुसातली त्याची पातळी हळू चढते आणि झोप लागायला जास्त श्वास लागतात.

आता हे 'थोडं' म्हणजे किती? अमेरिकेत येल विद्यापीठात १९९९ साली यावर एक नेटका अभ्यास झाला. दुर्बिणीतून नसबंदी करून घेणाऱ्या बायकांना मेंदूच्या लहरी मोजून भूल दिली. मुळातच चिंताळू स्वभावाच्या बायकांना झोपवायला सरासरी किलोमागे २.१ मिलिग्रॅम प्रोपोफॉल लागलं, इतरांना १.८. ऑपरेशनभर भूल टिकवायलाही चिंताळूंना जास्त लागलं. तुमच्या आईंच्या ५८ किलोला हा हिशेब लावा: १०४ मिलिग्रॅम आणि १२२ मिलिग्रॅम. प्रोपोफॉल १ मिलीत १० मिलिग्रॅम येतं, म्हणजे फरक झाला २ मिलीपेक्षाही कमी. एक कुपी २० मिलीची असते. यातला कुठलाही डोस एका कुपीत बसतो आणि वर उरतं.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. फरक दिसला तो जन्मभराच्या चिंताळू स्वभावामुळे. त्या दिवशी सकाळी कोण किती घाबरलं होतं, याने औषधात फारसा फरक पडला नव्हता. इतर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत संबंध दिसतो, काहींत नाही. म्हणून एरवी घर-शेत खंबीरपणे सांभाळणारी बाई ऑपरेशनच्या नावाने हादरली असेल, तर तिला भूल जास्तच लागेल असं गृहीत धरू नये.

आणि मुळात डोस आधी ठरवून एका दमात ढकलत नाहीत. वजनावरून अंदाज बांधतात आणि औषध हळूहळू, २० ते ४० मिलिग्रॅमच्या टप्प्यांत देतात. नाव विचारतात, डोळे उघडायला सांगतात, शेवटी पापणीच्या केसांना हलकेच बोट लावून पाहतात. पापणी मिटली नाही की झोप लागली. जिला १०० मध्ये लागली तिला १००, जिला १३० लागलं तिला १३०. म्हणजे 'जास्त लागलं' हा अपघात नव्हे, ते रोजचं काम आहे. त्या १३० मुळे उठायला उशीरही होत नाही, कारण या पहिल्या डोसाचा अंमल पाच-दहा मिनिटांत ओसरतो. पुढची भूल सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन या वायूवर चालते आणि ती मिनिटामिनिटाला कमी-जास्त करता येते.

खरा धोका उलट बाजूला आहे. माणूस घाबरलेला आहे, तेव्हा भरपूर औषध द्या, असा विचार कुणी केला तर बीपी आपटतं. घाबरलेल्या माणसाचा १७०/१०० हा आकडा ॲड्रेनलिनच्या आधारावर उभा असतो. झोप लागली की तो आधार एका क्षणात निघतो. त्यात प्रोपोफॉल स्वतः रक्तवाहिन्या सैल करतं, त्यात पेशंट रात्रभर पाण्यावाचून आणि त्यात बीपीची गोळी. चारही गोष्टी एकत्र आल्या की दोन मिनिटांत ८०/५०. हे सावरता येतं. सलाईन जोरात सोडतात, बीपी वाढवणारं मेफेन्टरमिन ६ मिलिग्रॅम देतात, गरज पडल्यास पुन्हा देतात. पण हे व्हायला नको म्हणूनच औषध हळू देतात. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा डोस तर वजनावर ठरतो, भीतीशी त्याचं काही देणंघेणं नाही.

बीपीचा विषय निघालाच आहे, तर एक काम आजपासून करा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही दवाखान्यात न्या. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर बीपी हमखास वाढलेलं असतं. वही नसेल तर भूलतज्ज्ञाला कळत नाही की हा आकडा भीतीचा आहे की आजाराचा. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये घालून दिलेली मर्यादा इथेही उपयोगी पडते: आधीच्या नोंदी १६०/१०० च्या खाली असतील तर ठरलेलं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे करावं, नोंदीच नसतील तर तपासणीच्या दिवशीचं बीपी १८०/११० च्या खाली असावं. निव्वळ भीतीने चढलेल्या आकड्यामुळे ऑपरेशन रद्द झालं, तर पेशंट पुढच्या खेपेला दुप्पट घाबरून येतो.

गोळी कोणती आहे तेही बघा. अम्लोडिपिन किंवा मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल असेल तर ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद केली तर नाडी उधळते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल असेल तर बरेच भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवायला सांगतात, कारण भुलीखाली याच गोळ्यांवर बीपी जास्त पडतं. स्वतः ठरवू नका. गोळ्यांचं पाकीटच पिशवीत टाकून न्या. 'बीपीची लाल गोळी' यावरून कुणालाच काही कळत नाही.

भीतीपेक्षा भीतीपोटी लपवलेली गोष्ट भुलीला जास्त भारी पडते, आणि आपल्या भागात लपवायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली मिसरी आणि तंबाखू. घाबरलेली बाई ऑपरेशनच्या पहाटे न्हाणीत जाऊन हळूच मिसरी लावून येते, तेवढाच जिवाला आधार. निकोटिनने नाडी आणि बीपी अजून वाढतं, तोंडात लाळ सुटते, भूल देताना ती घशात जाऊन खोकला, ठसका, श्वासनलिका आवळणं हे सगळं होऊ शकतं. त्यामुळे त्या सकाळी नको. पण लावलीच असेल तर सांगा, कुणी रागावणार नाही. दुसरी गुटखा आणि सुपारी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी खाणारे खातातच. वर्षानुवर्षं खाल्ल्यावर गाल आतून कडक होतात आणि तोंड पुरेसं उघडत नाही. घरीच करून बघा: स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का? जात नसतील तर हे भूलतज्ज्ञाला आधी कळलंच पाहिजे. त्याची तयारी वेगळी असते, श्वासाची नळी टाकायची पद्धत बदलते. अशा माणसाला वॉर्डात झोपेचं औषध देणंही धोक्याचं.

तिसरी दारू. 'पिणाऱ्याला भूल चढत नाही' या समजुतीत घाबरटाच्या समजुतीपेक्षा जास्त खरेपणा आहे. रोज पिणाऱ्याचा मेंदू आणि यकृत सरावलेलं असतं, झोपवायला औषध जास्त लागतं. मात्र त्याच दिवशी पिऊन आला असेल तर कमी लागतं आणि उलटी फुप्फुसात जायची भीती. आणखी एक, ज्याचा विचार नातेवाईक करत नाहीत: दवाखान्यात दाखल झाल्यावर दारू एकदम बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, असंबद्ध बडबड सुरू होते. मग घरचे म्हणतात, भूल डोक्यात गेली. सातपुड्यातली मोहाची असो की बाटलीतली, रोज किती ते खरं सांगितलं तर आधीच उपाय करता येतो. गांजा रोज ओढणाऱ्यालाही प्रोपोफॉल जास्त लागतं. चौथी गोष्ट झोपेच्या गोळ्या. अल्प्राझोलामसारखी गोळी वर्षभर रोज घेणाऱ्याला भीती घालवायचं औषध जास्त लागतं, आणि ऑपरेशनच्या आधी ती एकदम बंद केली तर घबराट उफाळून येते. सुरू असेल तर सांगा आणि विचारल्याशिवाय बंद करू नका.

'मला भूल चढतच नाही' असं ठामपणे सांगणाऱ्यांचा अनुभव खोदून विचारला की बहुतेक वेळा दाढ किंवा गळू निघतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि लिग्नोकेनसारखं जागा बधिर करणारं औषध अशा जागी नीट आत शिरत नाही. कापताना दुखतं. तो दोष जागेचा असतो, माणसाच्या धैर्याचा नव्हे, आणि पूर्ण भुलीशी त्याचा संबंध नाही. शेतकऱ्यांच्या बाबतीत एक प्रश्न मात्र मुद्दाम विचारावा: विंचू किती वेळा चावला? अनेकदा विंचू चावलेल्या काही पेशंटमध्ये मणक्यातली किंवा जागेवरची भूल लागली नाही, असे अनुभव भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. तसं असेल तर पूर्ण भुलीची तयारी हाताशी ठेवायची, इतकंच.

तुमच्या आईंना पूर्ण भूल मिळेल, पण मणक्यातल्या भुलीबद्दलही लिहितो, कारण गावात सर्वांत जास्त भीती तिचीच. 'पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते' हे घराघरांत ऐकायला मिळतं. सुई २५ ते २७ नंबरची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते, आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये टोचतात. टोचलेली जागा चार-आठ दिवस हुळहुळते. कायमची कंबरदुखी या सुईने येत नाही. बाळंतपणानंतरची कंबर नऊ महिन्यांच्या ओझ्याने दुखते. या भुलीत ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा डोस भीतीवर ठरत नाही. पायाच्या ऑपरेशनला साधारण ३ मिली, सिझेरियनला २ मिलीच्या आसपास, उंचीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. भीतीचा त्रास इथे वेगळाच होतो. बसवून सुई टोचताना घाबरलेल्या माणसाची नाडी वाढायच्या ऐवजी एकदम ४० वर येते, तोंड पांढरं पडतं, घाम सुटतो. हे बहुधा तरण्याबांड, पहिलवानी गड्यांना होतं. लगेच आडवं करून पाय उंच करायचे, नाडी वाढवणारं ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम द्यायचं, मिनिटभरात गडी ठीक.

याच भुलीत आधी न सांगितल्यामुळे होणारा गोंधळ मोठा असतो. दुखणं जातं, पण हात लावलेला आणि ओढल्यासारखं कळत राहतं. ते कळलं की पेशंट ओरडतो, 'भूल लागली नाही!' पाय दोन ते चार तास हलत नाहीत, तेव्हा वाटतं पाय गेले. छातीची जाणीव कमी झाली की श्वास अडकल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ऑक्सिजन ९९ टक्के असतो. या तीन गोष्टी आदल्या दिवशी सांगून ठेवल्या तर मिडाझोलॅम या भीती घालवणाऱ्या औषधाच्या एका मिलिग्रॅमवर काम भागतं. नाही सांगितल्या तर पेशंट हातपाय झाडतो आणि नाइलाजाने पूर्ण भूल द्यावी लागते. भीतीमुळे भुलीची गरज खऱ्या अर्थाने बदलते ती अशी.

हे सांगून ठेवणं किती औषधी आहे, याचे पुरावे जुने आहेत. एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञाने बोस्टनमध्ये १९६३ साली दाखवलं की आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटून बोलून गेला तर पेशंट शांत असतो. नुसतं झोपेचं औषध दिलेले पेशंट गुंगीत होते, शांत नव्हते. पुढच्या वर्षी त्याच गटाने पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटना नंतर कुठे, किती आणि का दुखेल हे आधीच सांगितलं आणि श्वास कसा घ्यायचा, कुशीवर कसं वळायचं ते शिकवलं. त्यांना नंतर दुखण्याची औषधं निम्मीच लागली. गोळीचं उलट. फ्रान्समध्ये २०१५ साली १,०६२ पेशंटवर लोराझेपाम या भीती घालवणाऱ्या गोळीची चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशनआधी गोळी घेतलेल्यांचं समाधान काही वाढलं नाही, आणि शेवटी श्वासाची नळी काढायला १७ मिनिटं लागली, गोळी न घेतलेल्यांना १२. जास्त घाबरलेल्यांनाही गोळीचा फायदा दिसला नाही.

आता घरच्या गोळीचा मुद्दा. रात्रीची गोळी सकाळी थोडीफार अंगात असतेच. भूलतज्ज्ञाला ती माहीत नसेल तर त्याच्या औषधांवर तिची भर पडते. घोरणाऱ्या, जाड मानेच्या, दमेकरी किंवा साठीपुढच्या माणसाचा श्वास त्याने मंद होतो, आणि वयस्कर माणूस उठल्यावर भ्रमिष्टासारखा वागू शकतो. संमतीपत्रावर गुंगीत सही घेता येत नाही, हे वेगळंच. आईंना खरंच झोप नसेल तर फिटनेसच्या (ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या) दिवशी सांगा, भूलतज्ज्ञ वयावजनाप्रमाणे अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅमसारखी छोटी गोळी स्वतः लिहून देतील, किंवा नकोच म्हणतील. ऑपरेशनच्या दारात, मॉनिटर लावल्यावर, शिरेतून दिलेलं १ मिलिग्रॅम मिडाझोलॅम दोन-तीन मिनिटांत काम करतं. घरच्या गोळीपेक्षा ते किती तरी सुरक्षित, कारण बाजूला ऑक्सिजन आणि माणूस उभा असतो.

उपाशी राहण्याबद्दल आपल्याकडे अतिरेक होतो. 'रात्री आठपासून पाण्याचा थेंब नाही' असं ऐकून यावल-रावेरकडचे लोक मे महिन्यात पहाटे तीनला निघतात, ४४-४५ अंशांच्या दिवसात दुपारी बारापर्यंत तसेच बसतात. तोंड कोरडं, डोकं दुखतं, चिडचिड होते, शिरा सापडत नाहीत आणि भूल देताना बीपी पडतं. नियम असा आहे: तेलकट, जड जेवण ८ तास आधीपर्यंत. हलकं जेवण आणि दूध ६ तास आधीपर्यंत. साधं पाणी २ तास आधीपर्यंत. सकाळी नऊचं ऑपरेशन असेल तर आदल्या रात्री नऊला वरण-भात किंवा खिचडी. शेवभाजी आणि तेलातलं भरीत नको, पित्ताशयाला ते तसंही सोसत नाही. सकाळी सातपर्यंत पाणी किंवा कोरा चहा चालतो, दुधाचा चहा नाही. दुधाचा अर्धा कपही जेवणात मोजतात. 'घाबरली होती म्हणून दोन घोट चहा दिला' हे घरचे नेमकं टेबलावर गेल्यावर सांगतात. वेळ मात्र त्या दवाखान्याने सांगितलेली पाळा. पटत नसेल तर फोन करून विचारा, परस्पर बदलू नका. नंदुरबारकडच्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या पेशंटला तर तहानलेलं आणि गारठलेलं ठेवणं म्हणजे आजार ओढवून घेणं. त्यांना शक्यतो पहिल्या नंबरावर घ्यावं आणि सलाईन लवकर सुरू करावं.

घाबरलेल्या माणसाचे हात गार पडतात, शिरा आत ओढल्या जातात, सुई दोनतीनदा टोचावी लागते आणि भीती अजून वाढते. हिवाळ्यात हे जास्त. सुईच्या आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल हाताला गुंडाळा, हात पलंगाखाली लोंबता सोडा, मूठ उघडझाप करायला सांगा. नखांचा रंग घरीच काढा, नाहीतर बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा नीट वाचत नाही. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी हा आपल्या बायकांच्या जिवाचा प्रश्न असतो, आणि टेबलाशेजारी कुणीतरी घाईत ते उतरवायला लावलं की त्या रडायलाच लागतात. घरीच उतरवून ठेवा आणि गळ्यात काळा दोरा बांधा, धातू नसला की अडचण नाही. देवीचा गंडा-दोरा कुणी कापू नये; तो चिकटपट्टीखाली झाकता येतो.

टेबलावर काय होईल ते आईंना या शब्दांत सांगा. खोली गार असेल. छातीला तीन-पाच चकत्या चिकटवतील, दंडाला बीपीचा पट्टा सारखा आवळेल. मग तोंडावर मास्क येईल. मास्क म्हणजे भुलीचा वायू या समजुतीने बायका श्वास रोखून धरतात किंवा जोरजोरात घेतात. जोरजोरात घेतला की बोटांना मुंग्या येतात, छाती भरून येते आणि वाटतं आता गेलो. मास्कमध्ये आधी फक्त ऑक्सिजन असतो, तीन मिनिटं सावकाश घ्यायचा. घरी रोज सराव करा: चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. औषध सोडल्यावर हातात जळजळेल. ते प्रोपोफॉलचं नेहमीचं आहे, आधी थोडं लिग्नोकेन दिलं की कमी होतं. हे माहीत नसलेला पेशंट झोपेत जाता जाता 'आग! आग!' म्हणत हात ओढतो.

मध्येच जाग येण्याची भीती शिकलेल्यांना जास्त असते. ब्रिटन-आयर्लंडमधल्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत अशी तक्रार साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एक होती. निरोगी माणसाचा केवळ भुलीमुळे मृत्यू साधारण लाखात एक सांगितला जातो. आकडे विचारले तरच सांगा. आईंना आकड्यांनी धीर येईल असं वाटत नाही.

घरात लहान मुलाचं ऑपरेशन असेल तर गणित बदलतं. तिथे भीती आईबापांकडून मुलात उतरते. 'रडशील तर डॉक्टर सुई टोचतील' हे वाक्य महिनाभर आधीपासून बंद करा. मुलांना मिडाझोलॅम किलोमागे ०.५ मिलिग्रॅम तोंडाने, साखरपाण्याच्या एका घोटातून, अर्धा तास आधी देतात, आणि इथे त्याचा उपयोग खरोखर होतो. रडत झोपलेलं मूल रडत आणि बिथरून उठतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आईंचा उजवा खांदा दुखू शकतो. पोटात भरलेल्या वायूने छाती आणि पोटामधल्या पडद्याला ताण बसतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवस, क्वचित तीन. आधी सांगितलं नाही तर रात्री दोनला 'हृदयाचा झटका' म्हणून सगळं घर जागं होतं. मात्र छातीच्या मध्यभागी दाब, घाम, धाप असेल तर खांद्याचं म्हणून गप्प बसू नका, लगेच नर्सला बोलवा. उलटीचा प्रश्नही आधी निकाली काढा: चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आईंना उलटी होते का? होत असेल तर भूलतज्ज्ञाला सांगा. बाई, विडी-सिगारेट न ओढणारी, गाडी लागणारी, दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणजे नंतर उलटीची शक्यता बरीच. ते डेक्सामेथासोन आणि ओन्डॅनसेट्रॉन ही उलटी रोखणारी औषधं आधीच देऊन ठेवतील.

राहिला आईंचा स्वतःचा प्रश्न, 'उठसू का नही'. 'काही होत नाही, घाबरू नको' हे वाक्य सगळे म्हणतात आणि त्याने कुणाचीच भीती जात नाही. त्यापेक्षा काय होतं ते सांगा. भूल म्हणजे एकदा टोचली आणि मग उतरायची वाट बघत बसलो, असं नसतं. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ डोक्याशी बसलेला असतो, वायू चालू ठेवतो म्हणून झोप राहते. शेवटचा टाका पडत आला की तो वायू बंद करतो, स्नायूंच्या औषधाचा उतारा देतो, आणि पाच ते पंधरा मिनिटांत नाव घेऊन हाका मारायला लागतो. डोळे उघड, जीभ दाखव, मान उचल. तेव्हा घशात खवखव असेल, थंडी वाजेल, आणि मध्ये काही वेळ गेला हेच लक्षात येणार नाही. फिटनेसच्या दिवशी आईंना सोबत घेऊन भूलतज्ज्ञाला भेटा, तिचं तिलाच विचारू द्या, अहिराणीत विचारलं तरी चालतं. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्यांनी पावरी किंवा भिली समजणारी आशाताई सोबत आणावी. आणि केसपेपरवर कागदोपत्री नाव काहीही असो, घरात आईंना ज्या नावाने हाक मारतात ते नाव भूलतज्ज्ञाला सांगून ठेवा. अर्धवट झोपेत माणूस त्याच नावाला आधी ओ देतो.